कोरडा शिधा

रायखेड्यात दान द्यायला माणूस मागं हटत नाही, नाव तेवढं ठळक अक्षरात पाहिजे. मारुतीच्या देवळात पायरीवर नाव, घंटेवर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव. सभामंडपातल्या पंख्याच्या तर तिन्ही पात्यांवर लाल रंगात 'दत्तराव' लिहिलेलं. पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही, म्हणून लाईट गेली की दत्तरावांना बरं वाटतं, असं गावातली टवाळ पोरं म्हणतात. पण खोटं कशाला बोला, दत्तराव हात आखडणारा माणूस नव्हता. सप्त्याची पंगत त्यांच्या पुढाकारानं उठायची. कुणाच्या घरी मयत झाली तर लाकडं त्यांच्या मळ्यातून यायची, आणि त्या लाकडांवर नाव लिहायची सोय नसली तरी यायची.

यंदा भादव्यात पावसानं ठाण मांडलं. येलदरीच्या धरणाच्या अंगाला आभाळ काळंच राही. ओढे फुगले, पूर्णा पात्राबाहेर पडली आणि रायखेड्याच्या खालची टाकळी पाण्यात गेली. माणसं वाचली, उंचावरच्या शाळेत जाऊन बसली, पण अंगावरचे कपडे, चार वाकळा आणि हाताला लागलेल्या शेळ्या सोडता त्यांच्याकडं काही उरलं नाही. ही बातमी आली तेव्हा रायखेड्यात धोतर खोचून पहिले उठले ते दत्तरावच. घरटी भाकरी काढा म्हणाले, उद्या सकाळी गाडी निघंल.

गाडी ठरली नागसेनची. भीमनगरातल्या किशनराव आणि गीताबाईचा हा एकुलता एक. त्याचा छोटा टेम्पो होता, चारठाण्याच्या बाजाराला भाजी आणि माणसं नेण्यावर त्याचं घर चालायचं. भाडं घेणार नाही, असं त्यानं दत्तरावांना आधीच सांगून टाकलं होतं.

गीताबाई तेव्हा रानात होती. दोन एकर सोयाबीन, तेही पाण्यात उभं. शेंगांत दाणे मोडावून आले होते. नवरा-बायको दोघं खोऱ्यानं चर काढून पाणी काढून देत होते, आणि वरून नवं पाणी येतच होतं. चिखलात उभं राहून राहून गीताबाईच्या पायांना चिखल्या झाल्या होत्या. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सुटली होती, पाऊल टेकलं की मिरची लावल्यासारखी आग व्हायची. दुपारी ती लंगडत घरी आली तर गल्लीत मुलाचा टेम्पो उभा. मागं रिकामी पोती उघडून दत्तराव स्वतः उभे होते आणि भीमनगरातल्या बाया एकेक करून त्यांत पीठ ओतत होत्या. नागसेन स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला होता.

"या, गीताबाई," दत्तराव म्हणाले. "टाकळीसाठी पीठ काढा. शेर-दोन शेर, जमंल तेवढं."

"पीठ? गावात तर भाकरी गोळा करायलाव मनं."

"तिकडं भाकरी, इकडं पीठ. रीतच हाय की आपली. सप्त्यालाबी तसंच असतंय."

"सप्त्याचं सोडा. तो तुमच्या देवाचा हाय, त्याला मी कामून बोलू? ही टाकळीची माणसं हायेत. त्यांना भूक लागलीया."

"अवं, तुमालाच तकलीफ नको म्हणून. सरपण ओलं झालंय सगळ्यांचं."

"तुमच्या घरचं कोरडं हाय का?"

पोतं धरलेल्या बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. दत्तराव मात्र हसले नाहीत. आवाज खाली आणून म्हणाले, "हुज्जत घालू नका, गीताबाई. माझ्या मनात कायबी नसतंय, तुमाला ठावं हाय. तुमच्या घरी चहा पेलोय मी. पण टाकळीत जुनी माणसं हायेत. कुणी हात आखडता घेतला तर अन्न वाया जाईल. अन् तुमाला तरी ते बरं वाटंल का?"

माणूस खरं बोलत होता, हेच तर अवघड होतं. शिवी दिली असती तर शिवी परत देता आली असती. गीताबाईनं पदर खोचला.

"मंग माझं पीठबी राहू द्या," ती म्हणाली आणि घरात गेली.

गावात पुरापेक्षा बातमीला वेग जास्त. हापशावर बोललं गेलं, पिठाच्या गिरणीत बोललं गेलं, की गीताबाईनं पुरातल्या माणसांना मूठभर पीठ दिलं नाही. किशनराव चहाच्या टपरीवर गेले तर लोक त्यांच्याकडं बघून बोलायचे थांबले. ते चहा न पिताच माघारी आले. किशनराव हा माणूस आयुष्यात कुणाला उलटून बोलला नव्हता. दत्तरावांना ते अजून 'मालक' म्हणत, गीताबाई मात्र लग्न होऊन आली तेव्हापासून 'दत्तराव'च म्हणायची.

"इज्जत घालवलीस," ते म्हणाले. "अन्नाला न्हाई मनूने. मालक काय स्वतःसाठी मागायले का? काय बिघडलं असतं शेरभर पीठ देऊन?"

"शेरभर कामून? पायलीचं देते. पण भाकरी करून देते."

"अगं पण एकच न्हाई का ते?"

"एकच कसं?" गीताबाई काठवट पुसत होती, ती थांबली. "तुमची आजी गावात दारोदार भाकर मागायची. तुमच्याच आईनं सांगितलंय मला. छप्पनला बाबासाहेबांनी दीक्षा दिली अन् आपल्या माणसांनी मागणं सोडलं. उपाशी निजली, पण पुन्हा कुणाच्या दारात गेली न्हाईत. बरोबर हाय का? मागणं आपण सोडलं. पण आपलं देणं अजून कुणी घेतलं न्हाई. पीठ घेत्यात. पीठ काय, दुकानातूनबी येतंय. भाकरीला हात लागलेला असतोय."

किशनराव उठले. ते ओसरीवर जाऊन बसले.

गीताबाईनं चूल पेटवली. पेटवली म्हणजे काय, धूर केला. कापसाच्या पळाट्या ओल्या, गोवऱ्यांचा लगदा झालेला. सून संघप्रिया फुंकून फुंकून डोळे लाल करून बसली, तवा काही तापेना. गॅसची टाकी संपून आठवडा झाला होता आणि रस्ता बंद असल्यानं दुसरी आली नव्हती. अशात बाहेर ठक ठक आवाज यायला लागला. गीताबाईनं डोकावून पाहिलं. ओसरीच्या आढ्याला टांगलेला बाभळीचा जुना कुळव किशनरावांनी खाली घेतला होता आणि कुऱ्हाडीनं त्याचे तुकडे चालवले होते. ट्रॅक्टर आल्यापासून कुळव कामाचा राहिला नव्हता, पण किशनरावांनी दरसाल त्याला तेल लावलं होतं. तो त्यांच्या वडिलांच्या हातचा होता.

"अवो, ते कामून तोडलं?"

"कोरडं लाकूड घरात हे एकच हाय," किशनराव म्हणाले. तुकडे चुलीपाशी आणून ठेवले आणि दुसरीकडं तोंड करून उभे राहिले. "जाळ चांगला लागंल. तेल पिलेलं हाय."

जाळ खरंच चांगला लागला. संघप्रियानं आधणाचं पाणी घालून पीठ मळायचं आणि गीताबाईनं थापायचं, असं सुरू झालं. गीताबाईला आपल्या भाकरीचा अभिमान होता, आणि तो ती लपवत नसे. पातळ, काठाला न चिरलेली, तव्यावर टाकली की टम्म फुगणारी. रोजगाराला गेल्यावर बाया तिच्या फडक्यातल्या भाकरीकडं आधी बघायच्या. आज ती जरा जास्तच पातळ थापत होती, कडक होऊन टिकावी म्हणून. थापून थापून मनगटं भरून आली. चुलीच्या उबेनं पायाच्या चिखल्या आधी सुखावल्या, मग खाजायला लागल्या. घामानं पोलकं पाठीला चिकटलं. भाकरी सुपात, दुरडीत, खाटेवरच्या धुतलेल्या धोतरावर मांडल्या गेल्या. गरम भाकरी एकमेकींवर रचायची नाही, एवढंच ती मधूनमधून सुनेला बजावत होती.

"आत्या," संघप्रियानं विचारलं, "अन् त्यांनी न्हाई घेतल्या तर?"

"तर माघारी आणू अन् आपण खाऊ. पण मी विचारून येणार."

सकाळी पाऊस उघडला होता. देवळापुढं भाकऱ्यांची गठुडी टेम्पोत चढत होती, पिठाची पोती आधीच चढली होती. गीताबाई डोक्यावर मोठी पाटी घेऊन आली. वर धुतलेल्या लुगड्याचं फडकं, कमरेला चटणीची पिशवी. माणसं बाजूला झाली. कालचं सगळ्यांनी ऐकलेलं होतं.

दत्तरावांनी पाटीकडं पाहिलं. रात्रभरात त्यांनीही काही विचार केला असावा, कारण ते चिडले नाहीत. जवळ येऊन हळूच म्हणाले, "बरं केलं, आणल्या. ह्या गठुड्यात टाका. गावच्या भाकरीत मिसळून जातील. कुणाला कळणार न्हाई."

त्यांच्या हिशेबी ही मोठी सवलत होती. मागून आलेल्या किशनरावांच्या चेहऱ्यावर तर सुटल्यासारखं हसू आलं. पण गीताबाईचा चेहरा तापला.

"कळायला पाहिजे," ती म्हणाली. "मिसळायच्या न्हाईत. चोरीच्या हायेत का?"

"मंग गाडीत जागा न्हाई," आता मात्र दत्तरावांचा आवाज चढला. "लोकांच्या जिवाचं पडलंय मला, अन् तुमाला मानापानाचं."

नागसेन केबिनमधून उतरला. कालपासून तो एक शब्द बोलला नव्हता. त्यानं आईच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली, पुढच्या सीटवर ठेवली आणि दार धरून उभा राहिला.

"आई, म्होरं बस," तो म्हणाला. "दत्तरावकाका, गाडी माझी हाय. तुमीबी चला, मागं जागा हाय."

अशी ती गाडी निघाली. पुढं गीताबाई मांडीवर पाटी घेऊन, मागं पिठाच्या पोत्यांवर दत्तराव. मुलाकडं तिनं एकदाच पाहिलं. ऊर भरून आला होता, पण रडली असती तर त्याला दिसलं असतं, म्हणून ती रस्त्याकडं बघत राहिली. दोन्ही बाजूंना सोयाबीन आडवं पडलेलं, बाभळींच्या काट्यांत वाहून आलेल्या कडब्याच्या पेंढ्या अडकलेल्या.

टाकळीच्या अलीकडं ओढ्यावरचा पूल वाहून गेला होता. तिथून पुढं पायी. टाकळीची काही तरणी माणसं घ्यायला आली होती. दत्तरावांनी धोतर वर घेऊन एक पोतं पाठीवर घेतलं, वयाकडं बघता ते कौतुकाचंच होतं. गीताबाईनं पाटी डोक्यावर चढवली. मांडीएवढं पाणी, खाली गाळ, आणि त्या गाळात चिखल्यांची अशी आग झाली की तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. दत्तराव म्हणाले, "द्या इकडं पाटी, पडचाल." ती म्हणाली, "तुमी पोतं सांभाळा."

शाळेच्या व्हरांड्यात गाव बसलं होतं. ओल्या वाकळा, लेकरं, शेळ्या, सगळं एकात एक. कोपऱ्यात शहरातून आलेल्या मदतीच्या पिशव्यांची थप्पी होती. पिशव्यांवर कुणा मोठ्या माणसाचा हसरा फोटो, आत कच्चे तांदूळ, कच्ची डाळ, तेलाची पुडी. आदल्या दिवशी ट्रॅक्टरमधून आल्या होत्या आणि वाटताना प्रत्येकाचा फोटोही काढला गेला होता. पिशव्या तशाच पडून होत्या. सगळं जग टाकळीला कोरडंच देऊन चाललं होतं.

गावच्या भाकऱ्या वाटायला लागल्या तशा हातोहात संपल्या. लेकरं आधी, मग बाया. व्हरांड्याच्या शेवटच्या टोकाला बसलेल्यांपर्यंत त्या पोचल्याच नाहीत. दत्तरावांनी पोत्याचं तोंड सोडलं.

"पीठबी हाय. लय हाय. घ्या."

टोकाला एक म्हातारी बसली होती, बायनाबाई नावाची. गळ्यात तुळशीची माळ, अंगावर कुणाचं तरी पातळ, आणि जीभ मात्र स्वतःची शाबूत. ती पोत्याकडं बघून म्हणाली, "पीठ? चूल गेली, तवा गेला, सगळ्या शिवारात कोरडी काडी न्हाई. पीठ काय कालवून पिऊ का, बाबा?"

दत्तराव पोत्याचं तोंड धरून तसेच उभे राहिले. सरपण ओलं झालंय हे काल त्यांनीच गीताबाईला सांगितलं होतं. टाकळीचं सरपणही ओलं असेल, हे रीतीच्या नादात त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

गीताबाई पाटी घेऊन बायनाबाईपुढं जाऊन उभी राहिली. फडकं काढलं.

"मी रायखेड्याच्या भीमनगरातली," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "बौद्धाच्या घरची भाकर हाय. माझ्या हातची. खात असचाल तर घ्या."

बायनाबाईच्या शेजारी बसलेल्या माणसानं पुढं केलेला हात मांडीवर परत नेला आणि तो भिंतीकडं बघायला लागला. दत्तरावांनी मान खाली घातली. आपलं म्हणणं खरं झालं याचा त्यांना आनंद झालेला दिसत नव्हता.

बायनाबाईनं एक भाकर उचलली. उलटी केली, सुलटी केली, काठ बोटानं चाचपला.

"भाकर तर बरी दिसायली," ती म्हणाली. "वरी काय हाय?"

गीताबाईला आधी कळलंच नाही. "आं?"

"नुसतीच भाकर देतीस का, बाई? चटणी-बिटणी काय आणलीस का न्हाई?"

गीताबाईनं कमरेची पिशवी सोडली. गाठ सुटेना. कारळाची चटणी भाकरीवर घातली तशी बायनाबाईनं पहिला तुकडा मोडला, चावला, आणि कपाळाला आठी घालून म्हणाली, "लसूण लय घातलास." मग दुसरा तुकडा मोडला. "ह्या पोरीला दे एक. अन् त्या तिकडं बाळंतीण हाय, तिला आधी दे."

मग हात पुढं यायला लागले. एक, दोन, मग पाटीभोवती गर्दीच झाली. गीताबाई वाढत गेली, चटणी घालत गेली, कुणाला पुरेना म्हणून अर्धी अर्धी करत गेली. आयुष्यात इतका आनंद तिला लेकाच्या लग्नातही झाला नव्हता, आणि चटणीत लसूण जास्त पडला म्हणून तितकाच राग तिला स्वतःचा आला होता. भिंतीकडं बघणारा माणूस शेवटपर्यंत भिंतीकडंच बघत राहिला. असू द्या. त्याचा हात पुढं यायच्या आधीच पाटी रिकामी झाली.

निघताना टाकळीचे लोक दत्तरावांना म्हणाले, "पीठ माघारी न्या. पाणी उतरून घरं वाळंस्तोवर भाकरीच आणा बगा. ह्या बाईवानी."

दत्तराव पोतं पाठीवर घेऊन परत ओढा उतरले.

दिवस कलला तेव्हा गीताबाई ओसरीवर गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. गल्लीतून दत्तरावांचा आवाज आला. पहिल्या दारात, मग दुसऱ्या. पोतं खांद्यावर, हातात माप, धोतर अजून चिखलानं भरलेलं. काल नेलेलं पीठ ते घरोघर परत घालत होते, आणि प्रत्येक दारात तेच सांगत होते, "सकाळच्याला भाकरी करून द्या. तुमच्या घरच्या." आधी सांगितल्यासारखं सांगत होते, दोन-चार घरं झाल्यावर ते मागितल्यासारखं झालं. बाया दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. भीमनगरच्या गल्लीत गावातला माणूस दारोदार भाकरी मागत फिरतोय, हे त्यांच्यापैकी कुणीच कधी पाहिलं नव्हतं.

गीताबाईनं येताना गाडीत मनातल्या मनात किती उत्तरं जुळवली होती. काय बोलायचं, कसं बोलायचं, कुठल्या शब्दाला हसायचं. दत्तराव तिच्या दारापुढं आले तेव्हा पोतं रिकामं झालं होतं. ते गल्लीतच, ओसरीच्या खाली उभे राहिले आणि उपरण्यानं तोंड पुसलं.

"गीताबाई, तुमचं पीठ माझ्याकडं न्हाई," ते म्हणाले. "तरीबी मागायलोय. सकाळच्याला भाकरी पाहिजेत."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. साठी उलटलेला माणूस, दमलेला, दुसऱ्याच्या भुकेसाठी परक्या दारात उभा. हात पसरलेला नव्हता, पण उभं राहणं तेच होतं. जुळवलेली सगळी उत्तरं तिला एकदम नकोशी वाटली. तिनं पाण्यातून पाय काढले आणि उभी राहिली.

"असं भाईर उभं राहून भाकर मागू नका, दत्तराव," ती म्हणाली. "ते आमी सोडलं. तुमी धरू नका. आत या, बसा, अन् मंग सांगा किती पाहिजेत."

दत्तरावांनी एकदा गल्लीकडं पाहिलं. सगळी दारं उघडी होती. त्यांनी चिखलाच्या चपला ओसरीखाली काढल्या आणि ते वर आले. किशनरावांनी घाईघाईनं खाटेवरचं अंथरूण गोळा केलं आणि सरकून त्यांना आपल्या शेजारी जागा दिली.